वाकळ : चार कोपरे, चार माणसं

मराठी विभागासाठी लेख दे असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढलेल्या मुलाकडे मराठी लेख! 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे मला आजही बोटांवर मोजावं लागतं. तरीही लिहितोय, कारण हा विषय मला इंग्रजीत सांगताच येणार नाही. विषय आहे वाकळ. पुण्याकडचे मित्र तिला गोधडी म्हणतात, आमच्या इंदापुरात वाकळ. नाव कुठलंही घ्या, ऊब तीच!

गोष्ट २०२० च्या मार्चमधली. मी नववीत होतो. शाळा बंद झाली म्हणून बारामतीहून निमगाव केतकीला आज्जीकडे गेलो, चार दिवसांसाठी. २५ मार्चला लॉकडाऊन सुरू झाला आणि त्या चार दिवसांचे चार महिने झाले. मम्मी-पप्पा बारामतीत. रस्ता तासाभराचा, पण मधे बॅरिकेड. बारामतीत पेशंट सापडले, 'बारामती पॅटर्न' नावाची कडक बंदी आली. मी टीव्हीवर आकडे बघायचो आणि पप्पांना फोन लावायचो. पप्पांची कंपनी बंद होती. पगार होणार का, परीक्षा होणार का, मी घरी कधी जाणार, एकाही प्रश्नाचं उत्तर कुणाकडे नव्हतं. रात्री झोप यायची नाही.

एका दुपारी आज्जीने टीव्ही बंद केला. माळ्यावरून एक बोचकं खाली काढलं आणि माझ्या हातात सुई दिली. "दोरा ओव. मला नेढं दिसत न्हाई."

मी म्हटलं, "आज्जी, हे मुलींचं काम आहे."

"आरं, सुईला काय ठावं, दोरा ओवणारा पोरगा हाय का पोरगी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर कळवा.

वाकळ कशी होते?

आपण इंजिनिअर लोक, त्यामुळे आधी प्रोसेस सांगतो.

पहिली पायरी, कापड. जुनी सुती लुगडी, धोतरं, चादरी, शर्ट धुऊन वाळवायचे आणि त्यांची शिवण उसवायची. नवं कापड चालत नाही, ते धुतल्यावर आटतं आणि वाकळ वेडीवाकडी होते. जुन्या कापडाचं आटून झालेलं असतं, शिवाय ते मऊ असतं. म्हणजे कंजूषपणा वाटतो, पण त्यात मटेरियल सिलेक्शन आहे!

दुसरी पायरी, थर. खाली लुगड्याचं अस्तर, मधे भर, वर रंगीत ठिगळं. नंतर चार जणांनी चार कोपरे धरून सगळं सारखं ताणायचं आणि कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. एक बाजू ढिली राहिली तर चुण्या पडतात आणि त्या नंतर काही केल्या जात नाहीत. हे काम एकट्याला जमत नाही. मी आज्जी झोपलेली असताना करून बघितलंय. तीन कोपरे ओढले की चौथा हसतो.

तिसरी पायरी, कच्ची शिवण, म्हणजे थर सरकू नयेत म्हणून लांब लांब टाके. आणि मग खरं काम, धावदोरा. साधा टाका, खाली-वर, खाली-वर. आमच्याकडे कडेपासून सुरुवात करून आत आत येतात. चार बाजूंना चार बायका बसतात, प्रत्येक जण आपल्या बाजूची ओळ शिवते, ओळ संपली की बोटभर आत सरकते. चौकोनात चौकोन, त्यात अजून चौकोन, असं करत मध्यापर्यंत.

ऊब कुठून येते? थरांमध्ये हवा अडकते आणि स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. टाके फार दाट घातले तर थर दाबले जातात आणि हवा निघून जाते. फार विरळ घातले तर आतली भर गोळा होते. आज्जीचं "बोटभर अंतर" हे या दोन्हींमधलं ऑप्टिमायझेशन आहे. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "बरं बरं, टाका सरळ घाल."

एक हिशोब

सात फूट बाय पाच फूट वाकळ धरा. दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर, एक टाका एक सेंटिमीटरचा. साधारण सोळा हजार टाके होतात! जाड थरातून मिनिटाला पाच टाके धरले तर त्रेपन्न तास. चार जणी, रोज दोन तास, म्हणजे सात दुपारी. मी हे वहीत लिहून आज्जीला दाखवलं. प्रत्यक्षात अकरा दुपारी लागल्या. माझ्या हिशोबात गप्पा धरलेल्या नव्हत्या.

आमची वस्ती म्हणजे रानातली तीन घरं आणि एक अंगण. आज्जी, काकी, शेजारच्या काकू आणि पलीकडची आज्जी, अशा चौघी. मी दोरा ओवणारा, तिसऱ्या दिवसापासून शिवणारासुद्धा. पहिल्या दिवशी सगळ्या तोंडाला पदर बांधून लांब लांब बसल्या, कारण वाकळच सात फुटांची! पण काम आत सरकतं तशी माणसंही आत सरकतात. शेवटच्या दुपारी चौघींचे गुडघे एकमेकींना लागत होते.

मन शांत का होतं?

मिहाय चिकसेंटमिहाय नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 'फ्लो' ही कल्पना मांडली. १९९० मध्ये त्यांचं याच नावाचं पुस्तक आलं. काम स्पष्ट असेल, ते नीट होतंय की नाही हे लगेच कळत असेल आणि ते आपल्या कुवतीला पेलणारं असेल, तर माणूस त्यात बुडून जातो. धावदोऱ्यात हे तिन्ही आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर काळजी ही ओपन लूप सिस्टीम आहे. तुम्ही रात्रभर विचार करा, बाहेरून काहीच फीडबॅक येत नाही. टाक्याचा फीडबॅक लगेच येतो. वाकडा गेला, दिसला, पुढचा सरळ घातला. त्या अकरा दिवसांत लॉकडाऊन संपला नाही आणि पप्पांच्या पगाराचंही कळलं नाही. पण रोज संध्याकाळी काल होती त्यापेक्षा वाकळ मोठी झालेली दिसायची, आणि मला झोप लागायला लागली.

दुसरं कारण मला नंतर कळलं. शिवताना सगळ्यांची नजर खाली असते. समोर बघून जे बोलता येत नाही, ते खाली बघून बोलता येतं. पप्पांच्या पगाराची भीती मी काकीला अशीच सांगितली. मग काकीने सांगितलं, की पानटपऱ्या बंद असल्यामुळे मळ्यातली पानं कुणी घेत नाही आणि काका रात्री जेवत नाहीत. निमगाव केतकीत पानमळ्यांवर किती घरं चालतात हे माहीत असूनही, आमच्याच घरात हे चाललंय याचा मला पत्ता नव्हता. प्रश्न दोघांचेही सुटले नाहीत. पण आपण एकटेच घाबरलोय असं वाटणं बंद झालं.

आज्जी आणि पलीकडची आज्जी मात्र घाबरलेल्या दिसत नव्हत्या. त्यांनी १९७२ चा दुष्काळ बघितला होता. दुष्काळी कामावर खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती. पलीकडच्या आज्जीचं माहेर पळसदेवकडचं. भीमेवर उजनी धरण झालं, १९८० मध्ये ते पूर्ण झालं आणि तिकडची जुनी गावं पाण्याखाली गेली. आजही उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडतं. लोक फोटो काढायला जातात. ती म्हणायची, "घर उचलून आणता येत न्हाई. आम्ही वाकळा आणल्या." तिच्या आईचं एक हिरवं लुगडं तिने या वाकळेत घातलं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. बंगालमध्ये कांथा आहे, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी आहे. अमेरिकेत अलाबामामध्ये मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून अनेक कृष्णवर्णीयांना काम आणि घर गमवावं लागलं, तेव्हा तिथल्या बायकांनी १९६६ मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली आणि गोधड्या विकून संसार सावरले. वॉशिंग्टनमध्ये १९८७ मध्ये एड्सने गेलेल्यांच्या आठवणीसाठी जी प्रचंड गोधडी अंथरली, तिच्यात १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, एका माणसाच्या थडग्याएवढा. पायाखालची जमीन सरकते तेव्हा माणसं जगभर सुई-दोरा घेऊन एकत्र बसलेली दिसतात.

वाकळ कुणासाठी?

आषाढात तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर करत निमगाव केतकीला मुक्कामी येते. आमच्याकडे वारकरी उतरतात. दर उन्हाळ्यात त्यांच्यासाठी एक तरी नवी वाकळ होते. २०२० मध्ये पायी वारी झालीच नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. मी आज्जीला विचारलं, आता ही वाकळ कशाला शिवली? ती म्हणाली, "औंदा न्हाई तर पुढल्या साली येत्याल की."

पुढच्या वर्षीही पायी वारी झाली नाही. आमच्या बॅचची दहावीची परीक्षा रद्द झाली. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, पलीकडची आज्जी गेली. तेव्हा त्या वर्षाची वाकळ अर्धीच झाली होती. तिच्या बाजूच्या ओळी तशाच थांबल्या होत्या, सुई टोचलेली. तिचे टाके इतरांपेक्षा लांब, कारण तिला कमी दिसायचं. काकी म्हणाली, उसवून सारखे घालू. आज्जी म्हणाली, "ऱ्हाऊ दे." चौथ्या बाजूला मी बसलो आणि तिची सुई जिथे होती तिथून पुढे शिवत गेलो.

२०२२ मध्ये पायी वारी परत सुरू झाली. आमच्या ओसरीवर वारकरी उतरले. बाहेर पावसाची भुरभुर होती. हिरव्या लुगड्याच्या वाकळेवर एक म्हातारे बाबा पडल्या पडल्या घोरायला लागले. आज्जी दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आली बघ."

आता मी थर्ड इयरला आहे. हॉस्टेलवर रात्री दोन वाजता एकच चर्चा : एआय आपल्या नोकऱ्या खाणार का, प्लेसमेंटला कंपन्या येणार का, बॅकलॉग निघणार का. उत्तर कुणाकडेच नाही. सगळे आपापल्या कॉटवर, आपापल्या मोबाइलमध्ये. मागच्या सेमला मी घरून सुया आणल्या. आधी माझी भरपूर चेष्टा झाली. मग रूम पार्टनर बसला, मग शेजारच्या रूममधले दोघे. जुने टी-शर्ट वापरून बघितले, पण ते ताणले जातात, त्यामुळे फसलं. आता सुती चादरी आणि शर्ट वापरतो. तिसऱ्या रविवारी आमच्यातला एक जण खाली बघता बघता सांगून गेला, की त्याने दोन महिन्यांपासून घरी खरा रिझल्ट सांगितलेला नाही. कुणी सल्ला दिला नाही. एकाने फक्त त्याच्या सुईत दोरा ओवून दिला. पुढच्या रविवारी तो म्हणाला, सांगितलं घरी.

तर मित्रांनो, रविवारी दुपारी जेवणानंतर हॉस्टेलच्या गच्चीवर या. जुनी सुती चादर आणा, सुया माझ्याकडे आहेत. अजून एक बाजू रिकामी आहे. मुलींनी त्यांच्या हॉस्टेलवर स्वतंत्र वाकळ सुरू करावी, मग बघू कुणाचे टाके सरळ! झालेली वाकळ येत्या आषाढात निमगाव केतकीला न्यायची आहे. टाके मोजायचं काम मात्र मला देऊ नका. एकोणसाठला मी अडकतो.