स्कीची कंबर किती असावी?

दोन स्की शेजारी शेजारी उभ्या करून ठेवल्या आहेत. दोन्ही १७५ सेंटिमीटर लांबीच्या, दोन्हींची किंमत जवळपास सारखी आणि दोन्ही 'ऑल-माउंटन' प्रकारातल्या, म्हणजे डोंगरावर कुठेही चालतील अशा. फरक एवढाच की, मधोमध मोजले तर एक ८० मिलिमीटर रुंद आहे आणि दुसरी १०० मिलिमीटर. अवघ्या दोन सेंटिमीटरांचा प्रश्न! पण आल्प्समध्ये, कोलोराडोत, जपानच्या होक्काइडो बेटावर किंवा आपल्या गुलमर्गला स्की घ्यायला गेलेला माणूस नेमका इथेच अडतो. विद्यार्थी मित्रहो, या दोन सेंटिमीटरांत तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातले निदान तीन धडे दडलेले आहेत. शिवाय निवड चुकली तर तिची किंमत गुडघ्याला मोजावी लागण्याचा संभव असतो. म्हणून हा प्रश्न नीट सोडवून पाहू.

प्रथम स्कीची ओळख करून घेऊ. स्की ही सरळ पट्टी नसते. पुढचा शेंडा रुंद, मधला भाग अरुंद आणि शेपूट पुन्हा रुंद, अशी तिची आकृती असते. मधल्या अरुंद भागाला कंबर म्हणतात. स्कीवर १२५–८०–१०८ असे तीन आकडे छापलेले असतात, ते याच क्रमाने, मिलिमीटरमध्ये. स्कीच्या तळाला दोन्ही बाजूंनी पोलादी कडा बसवलेल्या असतात. बूट कमरेच्या बरोबर मध्यावर घट्ट बसतो.

आता पहिला धडा, दाबाचा. समजा, बूट आणि कपड्यांसह स्कीपटूचे वस्तुमान ८० किलोग्रॅम आहे. त्याचे वजन झाले ७८४ न्यूटन. दोन बुटांच्या तळव्यांचे क्षेत्रफळ सुमारे ०.०५ चौरस मीटर धरले, तर हिमावर दाब पडतो सुमारे १५,७०० पास्कल. ताज्या हिमात असा माणूस मांडीपर्यंत रुतेल. त्याने ८० मिलिमीटर कमरेच्या स्की चढवल्या आणि त्यांची सरासरी रुंदी १०० मिलिमीटर मानली, तर दोन्हींचे मिळून क्षेत्रफळ होते ०.३५ चौरस मीटर आणि दाब उतरतो २,२४० पास्कलवर, म्हणजे सातव्या हिश्शावर. चिखलात फळी टाकून चालण्याची युक्ती ती हीच. कंबर १०० मिलिमीटरची घेतली तर सरासरी रुंदी १२० मिलिमीटर धरता येईल; मग दाब होतो सुमारे १,८७० पास्कल. आणखी सहावा हिस्सा कमी झाला.

हा सहावा हिस्सा महत्त्वाचा आहे की नाही, ते हिम कसले आहे यावर ठरते. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत हिमाची घनता दर घनमीटरला ५० ते १०० किलोग्रॅम असते; म्हणजे त्यात नऊ-दहा हिस्से तर हवाच! उलट, यंत्राने चापून बसवलेल्या उतारावरील हिमाची घनता ४०० ते ५०० किलोग्रॅमपर्यंत जाते. तिथे अरुंद स्कीसुद्धा रुतत नाही, मग रुंद स्कीने कमी केलेला दाब काय कामाचा?

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. स्कीच्या दाबामुळे बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून स्की घसरते, असे जुन्या पुस्तकांत लिहिलेले आढळते. मग रुंद स्की कमी घसरायला हवी! आकडे घालून पाहा. दाब एका वातावरणाने वाढला तर बर्फाचा द्रवणांक सुमारे ०.००७५ अंश सेल्सियसने उतरतो. आपल्या स्कीचा दाब वातावरणाच्या दाबाचा जेमतेम पंचेचाळिसावा भाग आहे. त्यामुळे द्रवणांकात पडणारा फरक अंशाच्या पाच हजाराव्या भागाइतकाही नाही. प्रत्यक्ष स्पर्श हिमकणांच्या टोकांवरच होतो, म्हणून तिथे दाब पुष्कळ जास्त असतो हे खरे. तरी उणे १० अंश तापमानाला तोही पुरत नाही. बाउडेन आणि ह्यूज या इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथे प्रयोग करून १९३९ साली दाखवून दिले की, खरे काम घर्षणाच्या उष्णतेचे असते. स्की घासते, कण किंचित वितळतात आणि पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो.

भुसभुशीत हिमात मात्र रुंद स्कीचा लाभ आपल्या हिशेबात दिसला त्याहून मोठा असतो, कारण स्कीपटू स्थिर उभा नसतो. तळ्याच्या पाण्यावर चपटी खापरी आडवी भिरकावली की ती टप्पे घेत जाते. तीच खापरी नुसती सोडली तर बुडते. शेंडा किंचित वर करून वेगाने जाणारी स्की हिम खाली ढकलते आणि त्याची प्रतिक्रिया स्कीला वर उचलते. जितकी रुंदी जास्त, तितके जास्त हिम खाली ढकलले जाते. शेन मॅकॉन्की या अमेरिकेत नावाजलेल्या स्कीपटूने हा विचार टोकाला नेला. चालू शतकाच्या आरंभी त्याच्या कल्पनेतून उतरलेली एक स्की मध्यभागी रुंद, टोकांना अरुंद आणि दोन्हीकडे वर वळलेली होती. म्हणजे नेहमीच्या स्कीच्या अगदी उलट! तिचे नाव 'स्पॅट्युला', म्हणजे आपला स्वयंपाकघरातला कालथा. खोल हिमात ती तरंगे. पण कठीण उतारावर तिला धरून ठेवणे अवघड जाई.

ते का, हे समजण्यासाठी दुसरा धडा पाहू. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म इथेच आहे. कठीण हिमावर वळण घेताना स्की तिरपी करावी लागते आणि सारा भार आतल्या पोलादी कडेवर येतो. पाय मात्र स्कीच्या मध्यावर दाब देत असतो. आधार कडेवर आणि भार मध्यावर, म्हणून स्कीला पुन्हा आडवे पाडू पाहणारे आघूर्ण निर्माण होते. आघूर्ण म्हणजे बल गुणिले आधारापासूनचे अंतर. हे अंतर कमरेच्या निम्मे: एका स्कीला ४० मिलिमीटर, दुसरीला ५०.

बलाचा अंदाज घेऊ. वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, आणि वळणाची त्रिज्या १२ मीटर असेल, तर अभिकेंद्री त्वरण ८.३ येते. गुरुत्वत्वरण ९.८ त्याच्याशी काटकोनात आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने दोन्हींची बेरीज केली तर १२.८, म्हणजे ८० किलोग्रॅमच्या माणसाचे पाय हजार न्यूटनहून अधिक बल पेलत असतात. त्यातला मोठा वाटा बाहेरच्या पायावर असतो. तो ८०० न्यूटन धरू. मग अरुंद स्कीचे आघूर्ण ३२ न्यूटन-मीटर आणि रुंद स्कीचे ४०. एक मीटर लांबीच्या काठीच्या टोकाला चार किलोचे वजन अडकवून ती काठी आडवी धरून पाहा, म्हणजे ४० न्यूटन-मीटर काय चीज आहे ते मनगटाला कळेल. स्कीचा बूट घोट्याला जखडून ठेवतो, तेव्हा हे सारे नडगीमार्गे वर चढते आणि प्रत्येक वळणाला पाय ते सोसतो. स्लोव्हेनियातील संशोधकांनी २०१५ साली निरनिराळ्या रुंदीच्या स्की देऊन स्कीपटूंच्या गुडघ्यांच्या हालचाली मोजल्या. कमरेची रुंदी वाढली की गुडघ्याची हालचाल बदलते, असे त्यांना आढळले. भुसभुशीत हिमात ही अडचण फारशी उरत नाही. तिथे स्कीच्या सबंध तळाला आधार मिळतो, आणि आधार मध्याजवळ सरकला की आघूर्णही घटते.

तिसरा धडा वर्तुळाचा. स्कीची बाजू ही वस्तुतः एका मोठ्या वर्तुळाचा कंस असते. हिमाला टेकणारी लांबी १.५ मीटर आणि त्रिज्या १६ मीटर असेल, तर जीवा आणि कंस यांच्यामधले सर्वांत मोठे अंतर किती? लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, म्हणजे सुमारे १७.६ मिलिमीटर. दोन्ही बाजूंचे मिळून ३५. आता वरचे तीन आकडे पुन्हा पाहा: शेंडा-शेपटीची सरासरी सुमारे ११६ आणि कंबर ८०. हिशेब जुळला! स्की तिरपी करून दाबली की ती वाकते आणि वळणाची त्रिज्या लहान होते. मूळ त्रिज्या गुणिले तिरपेपणाच्या कोनाची कोज्या, असा तो नियम आहे. ४५ अंशांना १६ मीटरचे ११.३ मीटर होतात आणि ६० अंशांना ८. म्हणजे लहान वळण हवे तर स्की जास्त तिरपी करायला हवी, आणि रुंद स्की तिरपी करणे जड जाते हे आपण पाहिलेच. कागदावर दोन्ही स्कींची त्रिज्या १६ मीटर असली, तरी उतारावर दोघींची वळणे सारखी होत नाहीत ती यामुळे.

कमरेची ही कल्पना जुनी आहे. तिचे श्रेय बहुधा नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील सोंद्रे नॉरहाइम याला देतात. १८६८ साली क्रिस्तियानिया (आताचे ऑस्लो) येथील शर्यतीत त्याने सर्वांना थक्क केले होते. पण पुढे शंभराहून अधिक वर्षे ही कंबर नावापुरतीच राहिली आणि स्की दोन मीटर लांबीच्या, जवळजवळ सरळच बनत राहिल्या. खोल कमरेची स्की रूढ झाली ती स्लोव्हेनियातील एलान कंपनीने १९९३ च्या सुमारास 'एससीएक्स' बाजारात आणल्यानंतर.

मग घ्यावी तरी कोणती? ज्याचे दहापैकी आठ दिवस चापून बसवलेल्या उतारावर जातात, त्याने ८० च्या आसपासची घ्यावी. 'कधी काळी खोल हिम मिळालेच तर' म्हणून १०० ची घेणे मला पटत नाही; त्या एका दिवसासाठी उरलेले दिवस गुडघ्याने का भरून द्यावेत? नवशिक्याने तर अरुंदच घ्यावी, कारण कडेवर कसे उभे राहायचे हे तीच शिकवते.

गुलमर्गची गोष्ट वेगळी आहे. तिथली दोरगाडी अफरवटच्या खांद्यावर, जवळपास ४,००० मीटर उंचीवर नेऊन सोडते आणि वरचे बहुतेक उतार यंत्राने न चापलेले, खोल हिमाचे आहेत. तिथे वर जाणाऱ्या तयारीच्या स्कीपटूला १०० किंवा त्याहूनही रुंद स्कीच हवी; खालच्या सौम्य उतारावर शिकणाऱ्याला मात्र नको. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. रुंद स्की हिमावर तरंगते, हिमप्रपातावर नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच अफरवटवर हिमप्रपात होऊन दोन पोलिश स्कीपटूंचा मृत्यू झाला.

आपल्याकडे हिम नाही, पण प्रयोग घरी करता येईल. एक फूट लांबीच्या दोन फळ्या घ्या. एक ४ सेंटिमीटर रुंद, दुसरी ८. प्रत्येकीच्या मध्यावर एक उभी काठी पक्की बसवा. आधी परातीत रवा पसरून फळ्या त्यावर दाबा आणि कोणती किती रुतते ते पाहा. मग फरशीवर फळी एका कडेवर थोडी तिरपी करा, काठी मुठीत धरून खाली जोर द्या आणि फळी आडवी होऊ देऊ नका. मनगटाला कोणती फळी जड जाते? हाच प्रयोग फळी कडेवर तिरपी ठेवून रव्यातही करा, आणि फरशीवर जाणवलेला फरक तिथे किती उरतो ते वहीत लिहून ठेवा.