सुख वारशाने मिळतं का? स्वीडनच्या नोंदी काय सांगतात

स्वभावाविषयी बोलायला लागलं की एक प्रश्न हमखास येतो. 'आमच्या घरात आजीला नैराश्य होतं, मग वडिलांना आलं. आता माझ्या नशिबी तेच का?' याचं बरंच चांगलं उत्तर स्वीडनमधून मिळालेलं आहे. ते आज आपण समजून घेऊ.

स्वीडनच का? कारण तिथे नोंदी आहेत. १६८६ च्या चर्च कायद्यापासून तिथले पाद्री गावातल्या कुटुंबांच्या नोंदी ठेवत आले. १९४७ पासून प्रत्येक नागरिकाला ओळख क्रमांक मिळाला. आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथे जुळ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. ती कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटकडे असते. मूळ हेतू वेगळाच होता: धूम्रपान आणि दारूचे शरीरावर होणारे परिणाम तपासणं. स्वभावाचा अभ्यास नंतर आला.

आता अडचण काय आहे बघा. आईवडील आपल्याला जनुकं देतात आणि घरही तेच देतात. मूल आनंदी निघालं तर श्रेय कुणाचं? आपल्याकडे यावर दोन म्हणी आहेत. एक म्हणते, 'खाण तशी माती'. दुसरी म्हणते, 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला'. दोन्ही खऱ्या वाटतात. मग निवाडा कसा करायचा?

त्यासाठी लहानपणीच वेगळ्या घरांत गेलेली जुळी भावंडं उपयोगी पडली. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखी असतात. दोन बीजांतून झालेली जुळी मात्र इतर सख्ख्या भावंडांइतकीच सारखी. १९८८ मध्ये नॅन्सी पेडरसन आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाढलेली आणि एकत्र वाढलेली अशा जोड्यांची तुलना प्रसिद्ध केली. बहिर्मुखतेतल्या फरकांत जनुकांचा वाटा साधारण ४० टक्के निघाला, चिंताळूपणात ३० टक्क्यांच्या आसपास. पुढे अनेक देशांतले अभ्यास एकत्र केल्यावर जीवनातल्या समाधानाचा आकडाही याच पट्ट्यात आला.

इथे एक गफलत नेहमी होते. ४० टक्के म्हणजे 'माझा ४० टक्के आनंद आईवडिलांकडून आला' असं नव्हे. हा आकडा एका माणसाचा नाहीच. एका समाजातली माणसं एकमेकांपासून वेगळी का, त्या फरकाचा तो हिशेब आहे. म्हणून 'स्वीडिश लोक सुखी, कारण त्यांच्या रक्तातच आहे' हे त्यातून सिद्ध होत नाही. उलट २०१८ च्या जागतिक आनंद अहवालात दिसलं, की बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांचं समाधान त्या त्या देशातल्या मूळ रहिवाशांच्या जवळ जातं. माणसाची जनुकं तीच राहिली, देश बदलला, आणि समाधानही बदललं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. केनेथ केंडलर आणि त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांनी दत्तक मुलांच्या राष्ट्रीय नोंदी तपासल्या. नैराश्य जन्मदात्यांकडून येतं, तसंच वाढवणाऱ्यांकडूनही येतं, आणि दोन्ही वाटे जवळपास सारखे, असं त्यांना २०१८ मध्ये आढळलं. २०२० चा अभ्यास तर आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. जन्मदात्यांपैकी कुणाला तरी नैराश्य होतं अशी सख्खी भावंडं त्यांनी घेतली. एक मूल घरीच वाढलेलं, दुसरं दत्तक गेलेलं. स्वीडनमध्ये दत्तक घेणाऱ्यांची कसून तपासणी होत असे, त्यामुळे ही घरं बहुधा स्थिर आणि आधार देणारी होती. अशा घरात वाढलेल्या भावंडाला नैराश्याचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी कमी होता. पण दत्तक घरातही कुणाला नैराश्य आलं, किंवा मृत्यू वा घटस्फोटाने घर मोडलं, तर हा फायदा उरत नव्हता.

म्हणजे काय? धोका वारशाने येतो, हे खरं. जोखीम काही शून्य होत नाही, हेही खरं. पण त्या धोक्याचं पुढे काय होणार, यात घराचा हात मोठा आहे. म्हणून घरात नैराश्याचा इतिहास असेल, तर तो लपवू नका, डॉक्टरांना सांगा. आणि आईला किंवा वडिलांना नैराश्य असेल, तर त्यांचे उपचार हे मुलांसाठीही महत्त्वाचे आहेत, हे लक्षात ठेवा. जनुकं बदलणं आपल्या हातात नाही. मूल ज्या घरात वाढतं, ते घर सांभाळणं पुष्कळसं आहे.