पोटऱ्या दुखतात? पाण्यातून चालला होतात का?

भिवंडीच्या धामणकर नाक्याकडून पहाटे कामवारी नदीकाठी फिरायला जाणाऱ्याला हिवाळ्यात धुळीची, उन्हाळ्यात उन्हाची काळजी. पावसाळ्यात मात्र वाटेवर साचलेल्या पाण्यात उंदीर-गुरांचे मूत्र मिसळते आणि पायाच्या भेगांतून लेप्टोस्पायराचे जंतू शरीरात शिरतात. लगेच काही जाणवत नाही. साधारण ५ ते १४ दिवसांनी थंडीताप येतो, डोळे लाल होतात, पोटऱ्या ठणकतात. चालण्याने दुखत असतील म्हणून रुग्ण तेल चोळत बसतो! २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत याच आजाराची साथ आली होती. उशीर झाल्यास मूत्रपिंडे, फुप्फुसे निकामी होऊ शकतात. ताप आल्यास पाण्यातून चाललो होतो, हे डॉक्टरांना आधी सांगावे. पुरातून आल्यावर ताप नसला तरी ७२ तासांच्या आत दवाखान्यात जावे. गरजेप्रमाणे डॉक्टर प्रतिबंधक गोळी देतात.