खांब एक पडतो, कामे किती अडतात?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, वाहतूक कित्येक दिवस बंद. वीज उपकेंद्रांत पाणी शिरले, वीज गेली, म्हणून नळाचे पंपही थांबले. ज्या गावांत पुराचा थेंबही आला नाही, तिथेही दूध संकलन अडले. गोठा कोरडा, म्हैस धडधाकट, पण दुधाला वाट नाही! जुलै २०२१ मध्येही हा महामार्ग पुराने बंद पडला.

पंचनाम्यात खांब किती पडले, रस्ता किती खचला हे येते. पण त्या खांबावर कोणाकोणाचे काम अडले, ते कुठे लिहिलेले नसते. खरा धोका तिथेच आहे.

अर्थशास्त्रज्ञ वासिली लिओन्टिफ यांना १९७३ साली नोबेल मिळाले ते आदान-प्रदान कोष्टकासाठी. कोणता धंदा कोणाकडून किती माल घेतो, ते त्यात मांडतात. एक थांबला तर बाकीच्यांना किती झळ बसेल, हे त्यावरून कळते. वीज, पाणी, रस्ते यांचा धोका मोजायलाही ही रीत वापरतात.

शेतकरी बंधूंनो, गावापुरते हे काम वहीत होते. आकडे दूध संस्थेचे रजिस्टर, वीजबिले आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात आहेतच.

समजा, संस्थेत रोज २,००० लिटर दूध येते, दर ३५ रुपये. एक दिवस संकलन बंद म्हणजे ७०,००० रुपये गेले. पाच दिवसांचे साडेतीन लाख. दुधाचे बिल अडले की पेंड उधारीवर, किराणा उधारीवर. म्हणजे झळ दुकानदारापर्यंत पोहोचली.

मग जनरेटर घ्यावा का? जरा थांबा. दूध ४ अंशांपर्यंत थंड केले तरी टँकर आला नाही तर कूलर भरणार आणि पुढचे दूध वायाच जाणार. वीज आणि रस्ता दोन्ही बंद असतील, तर एकाचीच सोय करून भागत नाही. आणि नुकसान मोजतानाही तेच दूध विजेच्या खाती एकदा, रस्त्याच्या खाती परत, असे दोनदा धरू नका.

म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि संस्थेचे सचिव यांनी एकत्र बसून तीन रकाने पाडावेत. पहिल्यात काम : नळ योजना, दूध कूलर, गिरणी, मोबाईल टॉवर. दुसऱ्यात ते कशावर चालते. टॉवर बंद तर रेशनचे मशीनही बंद, हे विसरू नका. तिसऱ्यात ते बंद पडले तर किती तास निभेल आणि पुढे रोजचे नुकसान किती.

जी डी.पी. किंवा जो पूल दुसऱ्या रकान्यात जास्त वेळा येईल आणि ज्याच्यापुढे नुकसानीचा आकडा मोठा असेल, त्याची दुरुस्ती आधी. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा कागद ठेवा. 'आमची डी.पी. आधी बघा' असे नुसते तोंडी सांगण्यापेक्षा आकड्यांचा अर्ज वजनदार ठरतो.