आयझॅक सुताराचं माउंट व्हर्नन

माउंट व्हर्ननच्या भिंती लांबून दगडी वाटतात. जवळ गेलं की कळतं, त्या पाइनच्या फळ्या आहेत. फळ्यांच्या कडा तासून चिऱ्यांसारखे सांधे पाडलेत आणि रंग ओला असतानाच त्यावर वाळू उडवलीय. जुन्या इमारतींची दुरुस्ती हे माझं काम. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी इथे आणते, तेव्हा आधी या फळ्या दाखवते, दालनं मग.

अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचं हे घर व्हर्जिनियात, पोटोमॅक नदीच्या काठावर आहे. त्याच्या वडिलांनी १७३४ मध्ये ते बांधलं तेव्हा लहानसंच होतं. जॉर्जने दोनदा काम काढून मजला चढवला, दोन्ही अंगांना खोल्या वाढवल्या आणि नदीकडे दोन मजली उंचीची भव्य पडवी काढली. मधल्या दालनात पॅरिसच्या बॅस्तीय तुरुंगाची किल्ली टांगलेली आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत तुरुंग पडल्यावर फ्रेंच सेनानी लाफायेतने ती आपल्या जुन्या सेनापतीला, वॉशिंग्टनला, भेट पाठवली होती.

पुढच्या पिढ्यांना हा पसारा झेपेना. १८५३ मध्ये बोटीतून जाणाऱ्या एका बाईंना घराची दुर्दशा दिसली आणि त्यांनी साउथ कॅरोलिनातल्या आपल्या लेकीला पत्र लिहिलं. लेक अ‍ॅन पामेला कनिंगहॅम, घोड्यावरून पडल्यापासून तब्येतीने खचलेली. केंद्र सरकार आणि व्हर्जिनिया राज्य, दोघांनीही घर विकत घ्यायला नकार दिला होता. तिने राज्याराज्यांतल्या बायकांना एकत्र आणून संस्था काढली, वर्गणी जमवली आणि १८५८ मध्ये दोन लाख डॉलरला घर व भोवतालची दोनशे एकर जमीन घेण्याचा करार केला. आजही घर त्याच महिला संस्थेकडे आहे आणि ते सरकारी अनुदानाशिवाय चालतं. वारसा जपण्याच्या कामाला या देशात बायकांनी दिलेली ही दिशा मला फार मोलाची वाटते.

पण या जागेचा सगळ्यात मोठा ठेवा म्हणजे वॉशिंग्टनने १७९९ मध्ये स्वतःच्या हाताने लिहिलेली यादी. तिच्यात माउंट व्हर्ननच्या गुलामांची नावं आहेत, कोण काय काम करतो, कोणाचं लग्न कोणाशी झालंय, तेही आहे. एकूण ३१७ माणसं. त्यांतली १२३ वॉशिंग्टनच्या मालकीची, १५३ पत्नी मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतली, उरलेली बहुतेक भाड्याने आणलेली. मृत्युपत्रात त्याने आपल्या १२३ जणांना मुक्त करण्याची तरतूद केली. इस्टेटीतल्या माणसांना मुक्त करण्याचा अधिकार कायद्याने त्याला नव्हता.

याचा अर्थ यादीतल्या आयझॅक सुताराच्या घरात काय झाला? आयझॅक वॉशिंग्टनच्या मालकीचा, तर दूधदुभतं सांभाळणारी त्याची बायको किटी इस्टेटीतली. मुलं आईच्या मालकाची, हा कायदा. १ जानेवारी १८०१ रोजी मार्थाने वॉशिंग्टनच्या गुलामांना मुक्त केलं, तेव्हा आयझॅक स्वतंत्र झाला. किटी आणि त्यांच्या मुली गुलामच राहिल्या. पुढच्याच वर्षी मार्था वारली आणि इस्टेटीतली माणसं तिच्या नातवंडांमध्ये वाटली गेली.

वॉशिंग्टनच्या थडग्यापासून थोड्या अंतरावर झाडीत गुलामांचं दफनस्थान आहे. तिथल्या थडग्यांवर नावं नाहीत. संस्थेने १९२९ मध्ये तिथे एक शिळा बसवली आणि १९८३ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आखलेलं स्मारक उभं राहिलं. अलीकडे पुरातत्त्वज्ञ वरवरची माती हलक्या हाताने काढून कबरींच्या जागा नोंदवत आहेत. आतल्या अस्थींना ते हात लावत नाहीत. माझ्या मते ही नोंद फळ्यांच्या दुरुस्तीइतकीच निकडीची आहे. कुजलेली फळी बदलता येते, पण पुसलेलं नाव परत आणायला अशीच चिकाटी लागते.

इथे येणार असाल तर दिवसभराचा वेळ ठेवा. किल्ली पाहा, पडवीतून नदी पाहा, पण दफनस्थानापर्यंत चालत जा आणि वाटाड्याला आयझॅक-किटीबद्दल विचारा. वॉशिंग्टनची थोरवी त्यामुळे कमी होत नाही. ज्यांच्या कष्टांवर ती उभी राहिली, त्यांचं देणं मात्र कळतं.