पहाटे चारचा गजर आणि शिरवळची शिफ्ट

सकाळी सहाच्या सुमाराला शिरवळच्या फाट्यावर उभं राहावं. कंपन्यांच्या बस भोरकडून, लोणंदकडून, पुण्याकडून माणसं आणून सोडत असतात आणि तासाभराने त्याच बस नाईट सुटलेल्यांना घेऊन परत फिरतात. एकाचा दिवस उजाडतो तेव्हा दुसऱ्याचा मावळत असतो. अशा गावात मोबाइलवर फिरणारे वेळेच्या नियोजनाचे मंत्र ऐकले की हसू येतं. ज्याचा अख्खा दिवस त्याच्याच हातात आहे, अशा माणसासाठी ते लिहिलेले असतात. इथे आठ तास कंपनीचे, तास-दीड तास बसचा, आणि शेती असेल तर उरलेल्या वेळेवर विजेचा हक्क.

गैरसमज: पहाटे चारला उठणाराच पुढे जातो.

या चारला ब्रह्ममुहूर्ताचा आधार दिला जातो. तो तपासून बघू. लग्नात घटिकापात्र ठेवतात, ती घटिका 24 मिनिटांची. दोन घटिकांचा एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटं. ब्रह्ममुहूर्त लागतो सूर्योदयाच्या दोन मुहूर्त आधी, म्हणजे 96 मिनिटं. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या पुढे उगवतो, तेव्हा तो लागतो साडेपाचच्या आसपास. जूनच्या सुरुवातीला सूर्योदय सहाच्या जरासा आधी, तेव्हा साधारण 4 वाजून 20 मिनिटांनी. बाराही महिने चारचा गजर लावा, असं पंचांगही सांगत नाही.

शिवाय भिंतीवरचं घड्याळ शिरवळच्या सूर्याप्रमाणे चालतच नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळची. शिरवळ 74 अंशांच्या आसपास. एका अंशाला 4 मिनिटं धरली तर आपण 34 मिनिटं मागे. घड्याळात चार वाजतात तेव्हा इथल्या सूर्याच्या हिशेबाने साडेतीनही झालेले नसतात. मुंबईने तर 1955 पर्यंत आपली वेगळी ‘मुंबई वेळ’ धरून ठेवली होती!

खरा प्रश्न उठायचं कधी हा नसून झोपलात कधी, हा आहे. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटते. घरी पोचून, जेवून अंग टाकेपर्यंत एक वाजतो. त्याने चारला उठायचं म्हणजे तीन तासांच्या झोपेवर यंत्रापुढे उभं राहायचं. बोट गेलं तर जबाबदार कोण, गजर?

गैरसमज: झोप तोडली की तेवढे तास कमावले.

हा जास्त घातक, म्हणून इथे थोडं थांबतो. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. सेकंडला जाणारा गडी पहाटे पाचला उठून दारं धरतो, दुपारी तीनला कामावर चढतो आणि रात्री अकराला मोटरसायकलला किक मारतो. तोवर तो सलग अठरा तास जागा असतो. अ‍ॅन विल्यमसन आणि अ‍ॅन-मेरी फेयर या संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं, की 17 ते 19 तास जागं राहिलेल्या माणसाची काही चाचण्यांतली कामगिरी रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहूनही ढासळते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. थेंबही न घेता हा गडी कायद्याच्या रेषेपलीकडच्या अवस्थेत हायवेवर आलेला असतो, आणि कुठल्याही पोलिसाच्या यंत्रात ते दिसत नाही.

नाईटवाल्याची गत निराळी. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा सहसा तुटपुंजी आणि तुटक होते, कारण उजेड, आवाज आणि शरीराचं आतलं घड्याळ तिन्ही विरोधात असतात. पाळ्या बदलायच्याच असतील तर फर्स्टनंतर सेकंड, सेकंडनंतर नाईट हा क्रम शरीराला उलट्या क्रमापेक्षा सोसतो. शिफ्ट लावणाऱ्यांनी एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

गैरसमज: जास्त तास, जास्त काम.

2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं म्हटलं आणि देशभर वाद रंगला. नेमक्या याच आकड्यावर एक जुनी नोंद आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांचे तास आणि उत्पादन टिपून ठेवलं होतं. अर्थतज्ज्ञ जॉन पेनकव्हेल यांनी ते आकडे पुन्हा तपासले, 2014 मध्ये प्रसिद्ध केले. 70 तासांत निघालेला माल 56 तासांतल्या मालापेक्षा फारसा जास्त नव्हता. 14 तास जवळपास वाया. डबल मारणाऱ्याला ओटीचे पैसे मिळतात, ते त्याच्या गरजेचे असतात, त्यावर मी बोलणार नाही. पण डबलमध्ये काम दुप्पट होतं, हे कुणी सांगू नये.

आणि जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी म्हणजे मालकाची मेहरबानी नव्हे. ती मागणी नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी 1884 मध्ये केली होती. रविवारची सुट्टी मिळायला 10 जून 1890 उजाडावा लागला.

गैरसमज: पक्कं नियोजन म्हणजे मिनिटामिनिटाचं नियोजन.

‘साताऱ्याला तासात पोचतो’ म्हणून शिरवळहून निघालेले किती जण जोडून सुट्टी आली की खंबाटकी घाटात अडकतात! हा स्वभाव जगभरचा आहे. 1994 च्या एका अभ्यासात कॅनडातल्या विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी 34 दिवसांत होईल असा अंदाज दिला. प्रत्यक्षात 55 दिवस लागले. उपाय लांब शोधायला नको. आपल्याच खंडाळा तालुक्यातून, लोणंदवरून, माउलींची पालखी जाते. मुक्काम ठरलेले, रोजची मजल ठरलेली, पण वाटेतले विसावेही वेळापत्रकातच धरलेले असतात. म्हणून लाखोंचा मेळा आषाढीला पंढरपुरात पोचतो. आपण विसावा धरत नाही, मग उशीर झाला म्हणून रस्त्याला शिव्या घालतो.

गैरसमज: ती घरीच असते, तिला काय वेळच वेळ.

केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, म्हणजे जवळपास पाच तास. असं काम करणारे पुरुष, तेही थोडेच, 97 मिनिटं. सेकंडहून आलेल्या नवऱ्याला रात्री बाराला गरम वाढणारी आणि पहाटे पाचला फर्स्टला जाणाऱ्या मुलाचा डबा भरणारी बाई दोन शिफ्टच्या मध्ये सापडलेली असते. नाईटवाला झोपला की घर चिडीचूप होतं, टीव्हीचा आवाज कमी होतो, दार लोटून घेतलं जातं. दुपारी ती जरा लवंडली की मात्र हाक येतेच. स्वयंपाकघराच्या भिंतीवर शिफ्टचा कागद लावला असेल, तर त्यावर तिच्या झोपेची वेळही लिहा. आणि तेवढ्या वेळात चहा आपला आपण करून घ्या.