हयातीचा दाखला

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला 'तुम्ही कुठले?' असं विचारलं, तर गावाचं नाव नंतर येतं. आधी तो 'घाटावरचा' की 'घाटाखालचा' हे ठरतं. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं या जिल्ह्याचे सरळ दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार आणि मेहकर हे सहा तालुके घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे सात घाटाखाली. वर चढ-उताराची जमीन आणि त्यातल्या त्यात थंड हवा. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळीभोर माती, कापूस आणि अंगाची लाही करणारा उन्हाळा. घाटावरची पैनगंगा पूर्वेकडे निघते आणि तिचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात जातं. घाटाखालची पूर्णा तापीला मिळून अरबी समुद्र गाठते. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो!

बँकेच्या नोकरीतली नऊ वर्षं मी या जिल्ह्यात काढली. थोडी घाटावर, थोडी घाटाखाली. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत बँक खेड्यापाड्यांत पोचली. मोठ्या शहरात वाढलेली आमच्यासारखी मुलं त्या लाटेबरोबर अशा गावांत जाऊन पडली, जिथं एसटी दिवसातून दोनदा येई आणि वीज कधी येईल ते वीजच ठरवी. लेजरं हातानं लिहायची, बॅलन्स जुळेस्तोवर कंदिलाच्या उजेडात बसायचं. तेव्हा हिशेबाचं वर्ष डिसेंबरात संपे. त्यामुळे गावातल्या हुरडा पार्ट्यांची आमंत्रणं यायची आणि क्लोजिंगच्या कामात विरून जायची. तीन वर्षं झाली, की बदलीचा कागद येई. सामान ट्रकमध्ये चढे, शेजारपाजारच्या बायका सौ.ची ओटी भरत, आणि 'येत जा' असं सगळेच म्हणत.

त्या 'येत जा'ला जागावं, म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात, दसरा उरकल्यावर, आम्ही दोघं नाशिकहून गाडी घेऊन निघालो. वेळ मुद्दाम शरदातली निवडली होती. वऱ्हाड पाहावं ते याच दिवसांत. पावसानं धुतलेलं आभाळ निळंशार असतं, सोयाबीन कापून ढिगाला लागलेलं असतं, तूर फुलायच्या बेतात असते आणि कपाशीची बोंडं उकलायला लागलेली असतात. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात सीतादही करायची रीत अजून कुठंकुठं पाळली जाते. दही-भाताचा नैवेद्य, हळदीकुंकू आणि मगच कापसाला हात.

समृद्धी महामार्गानं हा प्रवास फारच सोपा केला आहे. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. आमच्या जिल्ह्यात तो देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार आणि मेहकर या चार तालुक्यांतून जातो. ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, पण मी गाडी ऐंशीच्या वर नेली नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री याच पट्ट्यात, सिंदखेड राजाजवळ, एक खासगी बस पेटली आणि झोपेतले पंचवीस जीव गेले. तिथून जाताना सौ.नं हात जोडले. या रस्त्यावरून गावं दिसत नाहीत, फक्त त्यांच्या नावाच्या पाट्या दिसतात. माणसांना भेटायचं, तर फाट्यावर खाली उतरावंच लागतं.

आम्ही सिंदखेड राजाला उतरलो. लखुजी जाधवांच्या राजवाड्यात जिजाऊंच्या जन्मस्थानी डोकं टेकवलं आणि देऊळगाव राजाची वाट धरली. तिथं आश्विनातली बालाजीची यात्रा होती. उंच लाटा उभारून घातलेला मंडप, रेवड्यांची दुकानं, पाळणे, धूळ, सगळं जागच्या जागी होतं. आमचे जुने हेडकॅशियर आता पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. नवराबायको दोघंच जुन्या वाड्यात राहतात. मुलगा पुण्यात आणि मुलगी पार नॉर्वेत, ट्रोम्सो नावाच्या गावी. हे गाव उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडं आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य उगवतच नाही. मुलीनं पाठवलेले फोटो त्यांनी दाखवले. लालपिवळी झालेली बर्चची झाडं आणि मागं डोंगरमाथ्यावर पहिलं बर्फ.

"साहेब, तिकडंही हाच ऋतू चालू आहे बघा. फक्त आपल्याकडं पीक घरात येतं, अन् तिकडं उजेड घराबाहेर जातो," हेडकॅशियर म्हणाले.

ट्रोम्सोचा सूर्यास्त कधी, हे त्यांना रोज ठाऊक असतं. मुलगा म्हणतो पुण्याला चला, मुलगी म्हणते एक उन्हाळा तरी इकडं काढा. हे हलत नाहीत. कारण विचारलं, तर म्हणाले, "पुण्यात मला ओळखणारं कोण? इथं चार दिवस दिसलो नाही, तर दूधवाला आत येऊन बघतो." वाक्य साधंच होतं, पण पुढं सगळ्या प्रवासात ते माझ्याबरोबर राहिलं.

दुसऱ्या दिवशी लोणार. हजारो वर्षांपूर्वी बेसॉल्टच्या खडकावर उल्का आदळून हे विवर झालं. त्याचा व्यास पावणेदोन किलोमीटरहून अधिक आहे. २०२० च्या जूनमध्ये हे खारं पाणी एकाएकी गुलाबी झालं, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासणी करून, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं सांगितलं. त्याच वर्षी सरोवराला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. सरोवर काठावरून डोळे भरून पाहिलं आणि जवळच्या खेड्याकडं वळलो. तिथं माझी एक 'म्हैस' होती.

म्हणजे असं, की एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात १९८६ साली इथल्या एका अल्पभूधारकाला मी म्हशीसाठी कर्ज दिलं होतं. एक तृतीयांश अनुदान, बाकी कर्ज. त्या काळी कागदावरच्या म्हशी पुष्कळ असत. तपासणीला गेलं, की एकच म्हैस तीन गोठ्यांत भेटे. या गृहस्थाची म्हैस खरी निघाली आणि त्यानं शेवटचा हप्ता फेडला, तेव्हा शाखेत सगळ्यांना खरवस आणला होता. आता तो सत्तरीत आहे. अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं, त्यावर नातू पाय फिरवत होता. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये, पण ओलावा बारा टक्क्यांच्या वर आहे म्हणून खरेदी केंद्रावर माल परत आणि व्यापारी सांगेल तो भाव. "साहेब, तुमच्या वेळची म्हैस बरी होती. कर्ज तिच्या दुधातून फिटत होतं. आता कर्ज पिकावर, अन् पीक आभाळावर," तो म्हणाला. निघताना त्यानं पाच किलो तूरडाळ गाडीत टाकलीच. पैसे काढले तर रागावला असता, म्हणून काढले नाहीत.

मेहकरची भेट मात्र कठीण गेली. मेहकर म्हणजे शार्ङ्गधर बालाजीचं गाव आणि 'शीळ'कार ना. घ. देशपांडे यांचं गाव. वकिली करता करता या माणसानं मराठी भावकवितेला आपला सूर दिला आणि मेहकर सोडून ते कुठं गेले नाहीत. १९८६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या 'खूणगाठी'ला मिळाला, तेव्हा मी मेहकरच्या शाखेत होतो. आमचे घरमालकही वकीलच. ना. घं.च्या कविता त्यांना तोंडपाठ होत्या. आता त्यांना नव्वदी लागली आहे आणि स्मरणशक्तीनं साथ सोडली आहे. सूनबाईंनी आधीच फोनवर कल्पना दिली होती.

माझ्याकडं ते बराच वेळ पाहत राहिले. मग विचारलं, "बदली कुठं झाली?" मी म्हटलं, "निवृत्त झालो, वकीलसाहेब." पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "इथंच आहे, मेहकरलाच." तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. सौ.कडं वळून ते हळूच म्हणाले, "या महिन्याचं भाडं राहू द्या हो. नवा संसार आहे तुमचा, भांडीकुंडी घ्यायची असतील."

सौ. म्हणाली, "बरं, पुढच्या महिन्यात नक्की देते." आवाज तिनं सांभाळला, पण गाडीत बसल्यावर चिखली येईपर्यंत ती काही बोलली नाही.

बुलढाण्याला एक रात्र थांबून बोथ्याच्या घाटानं खाली उतरलो. हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. इथंच २०१९ च्या अखेरीला तो प्रसिद्ध वाघ आला होता. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघून, तेलंगणाची सीमा ओलांडून, तेराशे किलोमीटरहून अधिक चालून तो ज्ञानगंगेत पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याचं एकेक पाऊल नोंदलं गेलं. शिकार मिळाली, पाणी मिळालं, जंगल मिळालं. जोडीदार मात्र इथं कुणी नव्हता. घाट उतरताना त्याची आठवण झाली. नोंदी सगळ्या आहेत, भेट नाही, असं माणसांच्या बाबतीतही होऊ लागलंय.

खामगावला कापसाच्या गाड्यांची गर्दी सुरू व्हायची होती. तिथून संग्रामपूर तालुक्याकडं निघालो. हा खारपाणपट्टा. जमीन काळीशार, पण विहिरीचं पाणी खारट. किडनीच्या विकारानं या भागातली किती घरं पोखरली आहेत, ते इथं आल्याशिवाय समजत नाही. आमच्या शाखेतला शिपाई याच आजारानं चार वर्षांपूर्वी गेला. पावसाळ्यात नाल्याला पूर आला, की टपालाची पिशवी डोक्यावर घेऊन हा माणूस छातीभर पाण्यातून शाखेत येई. भेटायचं होतं त्याच्या बायकोला.

तिनं ज्वारीची भाकर, भरीत आणि ठेचा केला. जेवणं झाल्यावर एक पिशवी काढून माझ्यापुढं ठेवली. कुटुंब निवृत्तिवेतन मागच्या वर्षी काही महिने थांबलं होतं. कारण, नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला लागला नव्हता. ती गेली होती, पण यंत्रावर अंगठा उमटत नव्हता. पन्नास वर्षं कापूस वेचून, निंदण करून बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. "मी समोर उभी हावो, अन् मशीन म्हनते बाई नाही," ती म्हणाली.

आता चेहऱ्यावरूनही दाखला देता येतो. 'जीवन प्रमाण'ची योजना २०१४ पासून आहे आणि मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय २०२१ मध्ये आली. कुठल्याही स्मार्टफोनवर होतं, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कागद पाहिले, नातवाच्या मोबाइलवर ते ॲप घेतलं आणि दोघांना सगळं करून दाखवलं. नोव्हेंबर लागला, की त्यानं आजीचा चेहरा टिपायचा. सरावासाठी कॅमेरा समोर धरला. डोळ्यांची उघडझाप करायची असते, असं सांगितल्यावर म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. "या वयात डोये मिचकावू काय जी?"

तिथं ओट्यावर बसून मला आमच्या शाखेतला नोव्हेंबर आठवला. पेन्शनर मंडळी सकाळीच येत. मी सही करायची, एवढंच काम. पण त्या सहीआधी 'गुडघा कसा आहे', 'नातीचं लग्न ठरलं का' हे सगळं होई. दाखल्यावरचा मजकूर असा, की या व्यक्तीला मी आज प्रत्यक्ष पाहिलं आणि ती हयात आहे. तेव्हा तो छापील मजकूर वाटे. आता वाटतं, एका माणसानं दुसऱ्यासाठी करायचं याहून मोठं काम फारसं नाही. देऊळगावचा दूधवाला तेच करतो. आम्ही पाच दिवसांत वेगळं काही केलं नाही, आणि तेवढ्या घरांनी आमच्याही दाखल्यावर सही करून दिली. वकीलसाहेबांनीसुद्धा, फक्त त्यांनी तारीख १९८६ ची घातली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संग्रामपूरहून नातवाचा फोन आला. दाखला लागला होता. मागून आजीचा आवाज ऐकू येत होता. तिला एवढंच विचारायचं होतं, की दाखला आता फोनवरच होतो, तरी साहेब पुढच्या वर्षी येतील ना.

वाचकांपैकी ज्यांनी बदलीच्या नोकऱ्या केल्या, त्यांच्याकडं अशी एक यादी असेलच. दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन त्यातलं एक तरी गाव करा. महामार्गावरून उतरायला दहा मिनिटं लागतात. आमच्या यादीत मलकापूरचा एक मित्र, शेगावचे दोघं आणि राजूर घाटातलं एक गाव उरलं आहे. ते येत्या शरदात.